आठ माणसांची लॅब: शिकवायचं कुणी आणि कधी?

चरईकर

मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सल्ला हवाय.

ठाण्यात चरईत आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. जाऊबाई पॅथॉलॉजिस्ट, रिपोर्टवर सही त्यांची. मी बी.कॉम., म्हणून पगार, रजा, रीएजंटच्या (तपासणीच्या रसायनांच्या) ऑर्डरी, बिलं आणि भांडणं माझ्या वाट्याला. आम्ही दोघी धरून आठ माणसं. एक सीनिअर टेक्निशियन, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) झालेली दोन नवी मुलं, घरोघरी जाऊन रक्त घेणारे दोघे आणि काउंटरवरची मुलगी.

सीनिअर म्हणजे आमच्या ताई. लॅब सुरू झाली त्या दिवसापासून आहेत. मशीनचा आवाज जरा बदलला की त्यांना पलीकडच्या खोलीत कळतं. दिवाळीनंतर त्या मुलाकडे नाशिकला राहायला जाणार, हे आता पक्कं झालंय. आणि लॅब कशी चालते हे आमच्याकडे कुठेही लिहिलेलं नाही. मशीनबरोबर आलेली जाडजूड पुस्तकं आहेत, ती ट्यूबलाइटचा खोका ठेवायला उपयोगी पडतात.

मागच्या महिन्यातला किस्सा सांगते, म्हणजे अडचण कळेल. घोडबंदर रोडवरून एका आजोबांचं सॅम्पल आलं. लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी, जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये भरपूर. नव्या मुलांपैकी एकाने जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओतलं आणि ट्यूब सेंट्रिफ्यूजला (गरगर फिरवून रक्तपेशी वेगळ्या करणारं यंत्र) लावली. पोटॅशियम 9 च्या वर, कॅल्शियम तळाला. ताईंनी स्क्रीनकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "आजोबा धडधाकट आहेत ना? मग जांभळी कुणी ओतली?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (मलाही जाऊबाईंनीच सांगितलं): जांभळ्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, आणि ते पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. ते लाल ट्यूबमध्ये गेलं की पोटॅशियम वाढणार आणि कॅल्शियम पडणार, आजोबांना काही झालेलं असो वा नसो. रिपोर्ट बाहेर गेला नाही, रक्त परत घेतलं, विषय मिटला. पण त्या मुलाला कुठली ट्यूब कुठल्या क्रमाने भरायची ते कॉलेजात पाठ करून घेतलं होतं. विचारलं तर धडाधडा म्हणून दाखवलं: ब्लड कल्चर, निळी, लाल, हिरवी, जांभळी, करडी. हा क्रम असाच का, ते मात्र त्याला कधीच कुणी सांगितलेलं नाही. ताई सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते ही सांगायची गोष्टच नाही. "बघून शिकायचं. आम्ही नाही का शिकलो?"

गेल्या वर्षी आम्ही बाहेरून एक सर बोलावले होते. दिवसभर स्लाइड्स, 'टीमवर्क'वर खेळ, शेवटी समोसे आणि सर्टिफिकेट. सोमवारी सगळं होतं तसंच.

आता प्रश्न. सकाळी साडेसहा ते साडेदहा उपाशीपोटीवाल्यांची रांग असते, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नाही. शिकवायचं कधी? ताईंना उत्तम येतं पण शिकवायला संयम नाही, मग शिकवायचं कुणी? सुरुवात कुठून करायची? आणि शिकून तयार झालेलं पोरगं दोन हजार जास्त मिळाले की मोठ्या साखळीच्या लॅबमध्ये जातं, त्याचं काय? नवरा म्हणतो बाँड लिहून घे. मला ते पटत नाही, पण दुसरा उपायही सुचत नाही.

लेथवाला, रबाळे

चरईकर, धंदा वेगळा असला तरी दुखणं तेच आहे. रबाळे एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, तीन लेथ, अकरा माणसं. आयटीआयचा टर्नर दोन वर्षं शिकून येतो, आणि पहिल्या दिवशी व्हर्निअर असा आवळून धरतो की जॉब 0.02 मिमी लहान दिसतो. पुस्तकात व्हर्निअर वाचायला शिकवतात. अंगठा किती जोरात लावायचा ते कुठल्या पुस्तकात असणार?

मी जी पद्धत वापरतो ती माझी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतली माणसं सैन्यात गेली आणि कधी मशीन न बघितलेल्या लोकांकडून युद्धसामग्री बनवून घ्यायची वेळ आली. तेव्हा 1940 ते 1945 या काळात तिथल्या सरकारने 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा कार्यक्रम चालवला. युद्धानंतर तो जपानात गेला, आणि टोयोटात कामगाराला काम शिकवण्याची जी शिस्त आहे तिचं मूळ त्यातच आहे. त्यांचं एक वाक्य मी ऑफिसात लावलंय: शिकणारा शिकला नसेल, तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. माझा फोरमन त्या पाटीकडे बघून अजून नाक मुरडतो.

करायचं असं. एक काम घ्या. 'रक्त घेणं' किंवा 'सॅम्पल आत घेणं', एवढंच लहान. ताईंना ते करायला सांगा आणि शेजारी बसून अर्ध्या पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात काय करायचं. दुसऱ्यात त्यात सांभाळायचं काय, म्हणजे ज्यामुळे काम बिघडतं, माणसाला इजा होते, किंवा जी हातोटी जमली की काम सोपं होतं. तिसऱ्यात प्रत्येकाचं कारण. तुमचा जांभळ्या ट्यूबचा घोटाळा या तिसऱ्या रकान्यातला आहे. कारण माहीत असतं तर त्याने क्रम पाठ न करताही ओतलं नसतं.

शिकवताना चार पायऱ्या. आधी त्याला काय येतं ते विचारून त्याची भीती घालवायची. मग आपण करून दाखवायचं, एकदा नुसतं, एकदा सांभाळायच्या जागा सांगत, एकदा कारणांसकट. मग त्याला करायला लावायचं, आणि करताना त्याने आपल्याला कारणं सांगायची. ही तिसरी पायरी सगळे गाळतात. "कळलं का?" म्हटलं की मुंडी हलते, आपण खूश. चौथी, त्याला एकट्याला सोडायचं, पण अडलास तर अमक्याला विचार असं नाव घेऊन सांगायचं, आणि अधूनमधून डोकावायचं.

नियोजनासाठी भिंतीवर एक तक्ता लावा. डाव्या बाजूला कामं, वर माणसांची नावं. ज्याला जे येतं तिथे खूण. ज्या कामापुढे सगळ्या ओळीत एकच खूण आहे ते काम आधी घ्यायचं. माझ्या तक्त्यात 'बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं साधन) सेट करणं' यापुढे एकच नाव होतं आणि तो माणूस गणपतीला दहा दिवस कोकणात जातो. तुमच्या तक्त्यात बहुतेक ओळींत ताईच असतील. दिवाळीपर्यंतचे आठवडे मोजा, रिकाम्या चौकोनांत तारखा टाका. झालं नियोजन. याला सॉफ्टवेअर लागत नाही.

कोपरी मेडिकल

वाचून बरं वाटलं, पण एवढा खटाटोप करून पोरगं जाणारच आहे. माझ्या दुकानातली तीन मुलं तयार करून दिली मी बाजाराला. आता मी कामापुरतं सांगतो, बस. पूर्ण शिकवलं की पंख फुटतात.

चरईकर

कोपरी, तुमचा वैताग कळतो. पण कामापुरतं सांगितलेलाच मुलगा जांभळी ट्यूब लालमध्ये ओततो ना!

लेथवाले दादा, तक्ता काल रात्रीच कागदावर काढला. ओळी बावीस झाल्या. त्यातल्या नऊ ओळींत फक्त ताई. जाऊबाईंना दाखवला तर त्या दोन मिनिटं काही बोलल्याच नाहीत.

निवृत्त ट्यूटर

मी सरकारी रुग्णालयात आयुष्यभर नर्सिंगच्या मुली शिकवल्या, आता कळव्यात नातवंडं सांभाळते. चरईकर, तुमचा खरा प्रश्न ताईंचा आहे असं मला वाटतं, तो आधी सोडवा.

संयम नाही म्हणता. त्यांच्याकडे सकाळपासून किती कामं आहेत ते मोजलंत का? चालू काम सांभाळून वर शिकव म्हटलं की कुणीही खेकसणारच. त्यांच्या अंगावरची दोन कामं काढा. स्टॉक मोजणं असेल, बारकोडची रोल बदलणं असेल, ते दुसऱ्याला द्या. शिकवायची वेळ ठरवा, तीही गर्दी ओसरल्यावरची, आणि त्या वेळात त्यांना फोनसुद्धा द्यायचा नाही. शिकवण्याचे पैसे वेगळे द्या. रक्कम लहान असली तरी चालेल, पण पगाराच्या चिठ्ठीवर ओळ वेगळी दिसली पाहिजे. फुकटचं काम कुणी मनापासून करत नाही, आपणही करत नाही.

दुसरं. मुलांचा पगार ठरवणारी व्यक्ती आणि शिकवणारी व्यक्ती एकच ठेवू नका. मूल चूक लपवतं. आणि रक्ताच्या कामात लपवलेली चूक म्हणजे काय ते तुम्ही बघितलंच. माझ्या वॉर्डात नियम होता, चूक सांगायला आलेल्या मुलीला आधी बसायला सांगायचं, पाणी द्यायचं, मग ऐकायचं. पेशंटसमोर ओरडणं तर साफ बंद. पेशंटसमोर ओरडा खाल्लेली मुलगी पुढच्या वेळी शंका विचारत नाही, अंदाजाने करून मोकळी होते.

तिसरं, आणि हे ऐच्छिक नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कामावर घेताना आणि त्यानंतर दरवर्षी निदान एकदा प्रशिक्षण द्यावंच लागतं, त्याची नोंद ठेवावी लागते, आणि हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस द्यावी लागते. तुमच्या घरोघरी जाणाऱ्या दोघांची लस झालीय का? लहान लॅबमध्ये 'ती मुलं बाहेरची' म्हणून त्यांनाच वगळतात, आणि सुया सगळ्यात जास्त त्यांच्याच पिशवीत असतात. सुईला परत टोपण लावायचं नाही, सुई पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यातच. हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी बरी, 72 तासांनंतर उपयोग नाही. रविवारी सकाळी माजिवड्याच्या पुलाखाली सुई टोचली तर फोन कुणाला करायचा, ते त्या मुलाला पाठ पाहिजे. तुमच्या तक्त्यात ही ओळ आहे का?

चरईकर

ट्यूटरबाई, नव्हती. आता पहिली आहे. लस एकाची झाली होती, दुसऱ्याचा पहिला डोस परवा दिला.

दोन आठवड्यांनी लिहितेय, कारण मधे ताईंबरोबर कागद करायला बसले होते. त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा हे फार निराळं निघालं.

'रक्त घेणं' घेतलं. ताई म्हणाल्या, यात काय लिहायचं, शीर बघायची आणि घ्यायचं. मी विचारलं, शीर बघायची म्हणजे नक्की काय? "अंदाज येतो." आईला मिठाचा येतो तसा, म्हणजे विचारायची सोय नाही. मी माझाच हात पुढे केला. म्हटलं, इथे दाखवा. मग त्यांनी बोट ठेवलं आणि बोलायला लागल्या. दाबली की परत वर येते ती घ्यायची. दोरीसारखी कडक लागली तर सोडायची. बोटाखाली ठोका लागला तर ती शीर नाहीच, धमनी आहे, हात काढायचा. डोळ्यांना दिसणारी निळी रेघ फसवी असते, बोटाला लागते ती खरी. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, "अगं, हे मी कधी कुणाला सांगितलंच नाही."

मग दंडाला बांधायचा पट्टा. "एक मिनिटाच्या वर बांधून ठेवायचा नाही." का? "रक्त तुंबतं, आकडे बदलतात." शीर शोधायला वेळ लागला तर? "सोडायचा, सगळं हाताशी लावून घ्यायचं, मग परत बांधायचा." पेशंटला मूठ उघडझाप करायला लावतात आपली मुलं, ते बरोबर का? ताई उडाल्याच. "कोण लावतं? पोटॅशियम वाढतं त्याने!" दोन्ही मुलं लावत होती. सिनेमात बघून असेल.

सगळ्यात उपयोगी निघालं ते नाव विचारण्याचं. आमची मुलं विचारतात, "जोशीकाका ना?" ताई कधीच तसं विचारत नाहीत. त्या म्हणतात, "पूर्ण नाव सांगा." का? कारण ऐकू कमी येणारा म्हातारा माणूस काहीही विचारलं तरी हो म्हणतो. आणि चिठ्ठी ट्यूबला चिकटवायची ती रक्त घेतल्यावर, पेशंटच्या समोरच. खाली येऊन स्कूटरवर बसून नाही. नौपाड्यातल्या एका इमारतीत एकाच सकाळी तीन जोशी असू शकतात.

बर्फाच्या पिशवीवरून जाऊबाई आणि ताई यांच्यात थोडी चकमक झाली. मुलं उन्हाळ्यात सगळ्याच ट्यूब बर्फाला टेकवून आणतात, घोडबंदर रोडचा ट्रॅफिक तुम्हाला माहीतच आहे. ताई म्हणाल्या, चांगलंच आहे, ताजं राहतं. जाऊबाई म्हणाल्या, सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेलं रक्त गार केलं तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. उलट साखरेचं सॅम्पल साध्या ट्यूबमध्ये तसंच राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्क्यांनी आकडा उतरतो, म्हणून ते रोखणारी करडी ट्यूब, आणि लवकर आणणं. म्हणजे ताईंनाही एक गोष्ट नवी कळली. मला धास्ती होती की त्या दुखावतील. त्या म्हणाल्या, "लिही, लिही. तिसऱ्या रकान्यात लिही."

एक निरीक्षण: मला यातलं काही येत नाही हे फार बरं झालं. जाऊबाई लिहायला बसल्या असत्या तर त्यांनी "शीर बघायची" एवढंच लिहून पान उलटलं असतं.

कळवा ते तुर्भे

मी शिकून सोडून गेलेल्यांपैकीच एक आहे, म्हणून लिहितो. चरईकर, राग मानू नका.

डीएमएलटी झाल्यावर एका छोट्या लॅबमध्ये लागलो, घरापासून चालत दहा मिनिटं. आता तुर्भ्याला जातो. आधी कळव्याहून ठाणे, मग ट्रान्स-हार्बरची गाडी, उभ्याने. पगार जास्त आहे, पण पास आणि डबा धरला तर हातात फार फरक नाही. तरी गेलो. कारण पहिल्या लॅबमध्ये वर्षभर मी फक्त बारकोड चिकटवले आणि सेंट्रिफ्यूज फिरवला. मशीनला हात लावू का विचारलं की "बघू" म्हणायचे. कधी, ते कुणी सांगत नव्हतं. वर सणासुदीला भाषण, "तुला आम्हीच शिकवलं." काय शिकवलं?

तुमचा तक्ता मुलांना दिसेल असा लावा. अमक्या महिन्यात हेमॅटॉलॉजीचं (रक्तपेशी मोजायचं) मशीन माझ्या हातात येणार, हे दिसलं असतं तर मी थांबलो असतो. कायमचा नाही, पण थांबलो असतो. आणि एक, नव्याला शिकवायचं काम वर्षभर जुन्याला द्या. ताईंना आठवतच नसेल की पहिल्यांदा पिपेट धरताना अंगठा थरथरतो. मला अजून आठवतं.

लेथवाला, रबाळे

वरच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्याकडेही नव्या मुलाला आदल्या वर्षीचा मुलगाच शिकवतो, फोरमन फक्त तपासतो. शिकवता शिकवता त्या जुन्याचंही पक्कं होतं.

हिशेबनीस

बाँडबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी वकील नाही, छोट्या आस्थापनांची पगाराची कामं बघतो.

"सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या लॅबमध्ये काम करणार नाही" असं लिहून घेतलंत तर तो कागद वाया. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 प्रमाणे असा करार रद्दबातल ठरतो. "इतकी वर्षं काम करीन, नाहीतर इतकी रक्कम भरीन" ही गोष्ट वेगळी. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची तीन वर्षं नोकरी किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली. पण तिथे मोठी जाहीर भरती होती, त्या भरतीचा खर्च होता. बारकोड चिकटवायला शिकवलं म्हणून तुम्ही लाख रुपये मागाल तर खर्च दाखवणार कुठून? आणि मुलांची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेणारे महाभाग आहेत, ते तर चुकूनही करू नका.

त्यापेक्षा शिकाऊ उमेदवार योजनेचा विचार करा. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ घेणं सक्तीचं, 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. म्हणजे तुम्हाला घेता येईल, सक्ती नाही. राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात भरतं. नोंदणी पोर्टलवर करायची, किमान विद्यावेतनाचे चालू आकडे तिथेच बघा. रक्कम मोठी नाही. फायदा हा की काय शिकवणार आणि किती महिन्यांत, हे करारातच येतं. तुमचा तो तक्ता तिथे जसाच्या तसा उपयोगी पडेल. शिवाय मुदत संपली की मुलगा जाऊ शकतो हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं, मग रुसवेफुगवे होत नाहीत.

कोपरी मेडिकल

हे 1500 चं माहीत नव्हतं. लिंक पाठवा.

लेथवाला, रबाळे

चरईकर, एक सूचना राहिली. तक्त्यात खूण करायची घाई करू नका. वर्गात बसला म्हणून खूण नाही. त्याने एकट्याने केलं आणि कुणीतरी मुकाट्याने उभं राहून बघितलं, मगच खूण. आणि ताई जायच्या आधीच त्यांना मधल्या एखाद्या वारी सुट्टी द्या. फोन बंद ठेवायला सांगा. त्या दिवशी काय अडतं ते लिहून काढा. माझा फोरमन अपेंडिक्सने आडवा झाला तेव्हा मला जे कळलं ते एरवी वर्षभरात कळलं नसतं, पण त्यासाठी कुणाचं पोट फाडायची गरज नाही.

चरईकर

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

गुरुवारी दुपारी अडीच ते सव्वातीन शिकवायची वेळ ठरली, काउंटर मी सांभाळते. एका वेळी एकच कागद. ताईंना शिकवण्याचा वेगळा भत्ता सुरू केला. त्यांनी अट घातली की खुर्चीवर बसवून वर्ग घेणार नाही, बाकावर काम चालू असतानाच शिकवेन. मंजूर. घरोघरी जाणाऱ्यांपैकी जो जुना आहे तो नव्याला रक्त घ्यायला शिकवतो, ताई फक्त तपासतात. कळवा-तुर्भेच्या सांगण्यावरून तक्ता डब्याच्या टेबलासमोर लावलाय. पहिल्याच दिवशी एका मुलाने येऊन विचारलं, "माझ्या नावापुढे डिसेंबर का, ऑक्टोबर का नाही?" ऑक्टोबर करून दिला. बाँडचा विषय मी घरात बंद केलाय. हिशेबनीसांचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला.

मंगळवारी ताईंना सुट्टी दिली. मला वाटलं होतं रक्त घेण्यात किंवा मशीन अडण्यात काहीतरी होईल. तिथे काही झालं नाही. घोळ झाला सकाळच्या कंट्रोलमध्ये. पेशंटची सॅम्पल लावायच्या आधी ठरलेल्या आकड्याचं कंट्रोल सॅम्पल चालवतात, मशीन बरोबर मोजतंय ना ते बघायला. साखरेचं कंट्रोल मर्यादेबाहेर आलं. मुलाने परत लावलं, परत बाहेर. तिसऱ्यांदा आत आलं, आणि तो खूश होऊन कामाला लागला. त्याच्या दृष्टीने 'आत आणणं' हेच काम. जाऊबाईंनी दुपारी आलेख बघितला तर गेले पाच दिवस साखरेचा ठिपका रोज थोडा थोडा वर सरकत होता. रीएजंटची बाटली उघडून बरेच दिवस झाले होते. ताई असत्या तर त्यांनी तिसऱ्याच दिवशी बाटली बदलली असती आणि कुणाला कळलंही नसतं. सकाळची साखरेची सगळी सॅम्पल नव्या बाटलीवर परत लावली, रिपोर्ट तासभर उशिरा गेले, दोघातिघांचे फोन आले. पण 'कंट्रोलचा आलेख वाचणं' ही चोविसावी ओळ त्यातून मिळाली. तो कागद या गुरुवारी ताई आणि जाऊबाई मिळून करतायत, कारण यातलं 'काय' ताईंकडे आहे आणि 'का' जाऊबाईंकडे.

आता काउंटरवरच्या मुलीचं बघायचंय. तिच्यासाठी कागद कसा करायचा ते समजत नाही. फोनवर रिपोर्टचा आकडा सांगायचा की नाही, "साखर वाढलीय का हो?" याला काय उत्तर द्यायचं, नवऱ्याचा रिपोर्ट बायकोला द्यायचा का, उधारी कशी मागायची. दवाखान्यात किंवा एखाद्या ऑफिसच्या काउंटरवर काम केलेलं कुणी असेल तर लिहा. तिला कुणी ओरडलं की ती जाऊबाईंच्या केबिनमध्ये फोन जोडून मोकळी होते, आणि मग आमच्या दोघींचं वाजतं.